पवनारचं निर्माल्य आणि समुद्रातलं कासव

आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे, पण समुद्र मात्र शेकडो मैल दूर. त्यामुळे समुद्रातलं प्रदूषण म्हटलं की ते मुंबईकरांनी बघून घ्यावं, असंच मलाही वाटायचं.

गेल्या गणपतीत आमच्या महिला मंडळाच्या पाच-सहा जणी पवनारला धाम नदीच्या काठावर निर्माल्य गोळा करायला उभ्या होतो. एक आजी आल्या आणि निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी, गाठ मारलेली, तशीच पाण्यात सोडायला निघाल्या. थांबवलं तर म्हणाल्या, "वाहत्या पान्यात सोडलं का पाप लागत नाही, बाई." देवाचं फूल कुणाच्या पायाखाली येऊ नये, ही भावना मलाही पटते. पण पिशवीला कसलं आलंय सोवळं?

अन् हे वाहतं पाणी जातं कुठं? धाम वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत बंधाऱ्यांत, झुडपांत कितीतरी पिशव्या अडकतात. पण पूर आला की त्याही सुटतात. तिकडे गोदावरीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते, आणि जेलीफिश हे त्याचं खाणं. त्याच्या घशात आतल्या दिशेनं वळलेले काटे असतात, भक्ष्य निसटू नये म्हणून. त्यामुळे गिळलेली पिशवी बाहेर टाकणं त्याला फार अवघड. आतडी तुंबतात, पोट भरल्यासारखं वाटतं आणि ते मुकं जनावर उपाशी मरतं.

राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बाजारात जाऊन बघा, मैत्रिणींनो, हसू येईल. पण त्याच वर्षी मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली. २०१५ पासून तिथले नागरिक दर आठवड्याला कचरा उपसत होते.

आजींना मी हे सगळं सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं, "आजी, फुलं आमच्या टोपलीत द्या, झाडांना खत होईल." त्यांनी जरा विचार केला, हात जोडले, निर्माल्य टोपलीत ओतलं. रिकामी पिशवी झटकून घडी घातली आणि कमरेला खोचली.

"धुतली का मिरच्या ठेवाले होते," म्हणाल्या.