अंगमर्दन : उपाय केव्हा, अपाय केव्हा

बेळगाव-निपाणी परिसरात मालिश हा उपचार कोणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, बाळंतिणीच्या खोलीतील तेल-शेक आणि तालमीत एकमेकांचे अंग रगडणारे पैलवान या वाटांनी तो घरोघरी केव्हाच पोचलेला आहे. त्यामुळे अंग दुखावलेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा ‘चोळू का?’ असे विचारीत नाही. बहुधा तो चोळूनच आलेला असतो. अशा वेळी मालिशीला सरसकट नाके मुरडणे जितके व्यर्थ, तितकेच तिला सर्व रोगांवरील रामबाण मानणेही. कोणते दुखणे चोळावे आणि कोणत्यास हात लावू नये, एवढे समजले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दिनचर्येच्या अध्यायात, नित्य अभ्यंगाचा उपदेश केला आहे. मात्र त्याच जागी कफ वाढलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतीच शोधनक्रिया केलेल्याने अभ्यंग वर्ज्य करावा, असेही सांगितले आहे. परंपरेचा पूर्वार्ध आपण जपला, उत्तरार्ध विसरलो. पुढे एकोणिसाव्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या डॉ. मेझगर यांनी चोळणे, मळणे, थोपटणे अशा हातांच्या क्रियांची शास्त्रीय मांडणी केली व त्यातून आजच्या फिजिओथेरपीतील मालिश आकारास आली.

मालिशीने बरे का वाटते? १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार, स्पर्श व दाब यांच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना काही अंशी अडवितात. दुखरा भाग आपण नकळत चोळतो, त्याचे मर्म हेच. आखडलेला स्नायू सैल पडतो, मन शांत होते, झोप लागते. मात्र ‘मालिशीने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हा तालमीतला लाडका समज टिकत नाही. ते आम्ल विश्रांतीतही तास-दीड तासात आपोआप ओसरते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली ११ तरुणांच्या मांडीच्या स्नायूंची तपासणी केली. मालिशीने दाहकारक घटक कमी झालेले आढळले, लॅक्टिक आम्लात मात्र फरक पडला नाही. तेव्हा बेळगावच्या आनंदवाडीत किंवा कोल्हापूरच्या खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाने मालिश जरूर करावी. कारण तेवढे खरे ठाऊक असावे.

आपल्या भागात मालिशीची खरी गरज पैलवानांपेक्षा निपाणीच्या विडी कामगार भगिनींना अधिक आहे. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने व तंबाखू, मान खाली आणि बोटे अखंड चालू. मजुरी हजार विड्यांवर मोजली जात असल्याने मध्येच उठणे म्हणजे पदरचे पैसे घालविणे. मान, खांदे व कंबर यांचे दुखणे अशा बैठकीचे सोबतीच होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मालिशीला स्थान आहे. पण ते व्यायाम व रुग्णशिक्षण यांच्या जोडीने. मालिशीचा आराम थोड्या काळाचा असतो. सायंकाळी घरच्या कोणी कोमट तेलाने खांदे चोळून द्यावेत, पण त्याबरोबरच पाठीला भिंतीचा आधार घेऊन बसावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. हजारात दहा-वीस विड्या कमी भरतील, हे मान्य आहे.

तान्ह्या बाळांच्या मालिशीबाबत आजीबाईंचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातील अभ्यासात (२००५) खोबरेल तेलाच्या मालिशीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढलेले दिसले. हात मात्र हलका हवा. नाकात तेल सोडणे टाळावे, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि बाळाचे स्तन पिळण्याची प्रथा तर कायमची बंद व्हावी.

आता अपायाकडे वळू. चिंचेच्या झाडावरून वा उसाच्या ट्रॉलीवरून मूल पडते, कोपर सुजते. घरचे तेल-हळद लावून ते जोराने चोळतात किंवा हाडवैद्याकडे नेतात. तो हात ओढून ‘मोकळा’ करतो. कोपराच्या दुखापतीत पुढच्या स्नायूत रक्त साकळलेले असते. तेथे रगडले वा हात बळेच वाकविला, तर त्या स्नायूतच नवे हाड तयार होऊ लागते. यास मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मूळ मोड कदाचित तीन-चार आठवड्यांत निर्धोक जुळली असती. पण हे हाड धरले की कोपर ताठर होते, घास तोंडापर्यंत नेणे अवघड जाते आणि शस्त्रक्रियेनंतरही हालचाल पूर्ण येईलच असे नाही. प्लॅस्टर काढल्यावरची मालिशही तितकीच घातक. मुलाने स्वतःच्या जोराने हात हलवावा, दुसऱ्याने ओढू नये. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली, अथवा बोटे सरळ करताच मूल किंचाळू लागले, तर बांधणी तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा काही तास खंडित राहिला, तर पंजा कायमचा आखडतो.

बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि तो मृत्यू क्षणात येतो. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना तेल किती गरम आहे हे कळत नाही. त्यांच्यासाठी ते दुसऱ्याने हाताने तपासावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जोराची मालिश टाळावी.

राहिली केशकर्तनालयातील मान. केस कापून झाल्यावर डोके दोन्ही हातांत धरून कडकन मान मोडून घेण्याची हौस पुष्कळांना असते. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो, मग वय तिशीचे असले तरी. हलक्या हाताने डोके चोळून घेण्यास हरकत नाही. मान मोडण्यास मात्र खुर्चीत बसण्यापूर्वीच नकार द्यावा. मान मोडल्यावर चक्कर, एकाची दोन दृश्ये दिसणे, बोलताना जीभ जड होणे असे काही जाणवले, तर झोपून वाट पाहू नये. मेंदूचे स्कॅन होते अशा रुग्णालयात थेट जावे.