गोकर्ण : कुंपणावरून ताटापर्यंत

कोल्हापुरात वर्षाकाठी साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने, एखाददुसरा वळीव सोडला तर, राजारामपुरीतल्या आमच्या बागेची सगळी भिस्त नळावर. एका उन्हाळी सुट्टीत घर तीन आठवडे बंद होते. परत आलो तेव्हा कुंडीतली शेवंती जळून गेली होती आणि गुलाबाच्या काड्या उरल्या होत्या. फाटकाजवळच्या गोकर्णीने मात्र निम्मी पाने गाळून टाकली होती, आणि उरलेल्या पानांत चार निळी फुले होती.

हे तिला कसे जमते? पहिले कारण जमिनीखाली आहे. गोकर्णीचे सोटमूळ खोल जाते. वरची वीतभर माती कोरडी झाली तरी खालच्या थरातली ओल तिला मिळते. दुसरे कारण काटकसरीचे. पाण्याची वाफ पानांवाटे जाते, म्हणून टंचाईत वेल पाने कमी करते. बुंधा लाकडासारखा टणक झालेला असतो, तो तग धरतो, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यालाच नवे फुटवे येतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत, गोकर्ण गुरांच्या चाऱ्यासाठी लावतात. आपल्याकडच्या काळ्या मातीलाही उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा तिला इथे परके वाटण्याचे कारण नाही. (शेळ्यांनाही तिची चव पसंत आहे, हे फाटक उघडे राहिले की कळते.)

खताच्या बाबतीतही ती स्वावलंबी आहे. गोकर्ण वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातली. तिच्या मुळांवर गाठी असतात व त्यांत राहणारे जीवाणू हवेतला नायट्रोजन वेलीला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. एखादे रोप हलक्या हाताने उपटून गाठ नखाने फोडून पाहा. आतून ती गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद त्या गाठीत असतो, त्याचा हा रंग. म्हणून गोकर्णीला युरिया घालू नये. आयता नायट्रोजन मिळाला की वेल गाठी करण्याचे टाळते.

लागवड सोपी, पण बी हट्टी. कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. एकदम सगळ्या बिया उगवून एकाच कोरड्या काळात मरू नयेत, यासाठी वेलीला ही सोय उपयोगी पडते. आपल्याला मात्र ती अडचण वाटते. पॉलिश कागदावर बी थोडे घासावे, रात्रभर पाण्यात ठेवावे आणि फुगलेले बी दोन सेंटिमीटर खोल पेरावे. वर्गात वीस बिया घासून आणि वीस तशाच पेराव्यात व रोज उगवलेल्यांची संख्या फळ्यावर लिहावी. रोप मूळ धरेपर्यंत पाणी नियमित द्यावे, नंतर हात आखडता घ्यावा. राजारामपुरीत आता बंगल्यांच्या जागी इमारती झाल्या आहेत. तिथे गच्चीवरच्या खोल कुंडीतही वेल येते, पण मुळाला खोल जायला वाव नसल्याने कुंडीतल्या वेलीला पाणी थोडे जास्त लागते. कुंडीत पाणी साचू मात्र देऊ नये.

फूल नीट पाहिले तर ते उलटे आहे. वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी वर असते, इथे ती खाली. तीवर उतरलेल्या भुंग्याच्या पोटाला नव्हे तर पाठीला पराग लागतात. तरीही कळीला मलमलची पिशवी बांधली तर शेंग धरते, कारण गोकर्ण बहुधा स्वपरागणानेच काम भागवते.

आता खाण्याविषयी. मलेशियात या फुलांच्या रंगाने भात निळा करतात, थायलंडमध्ये त्यांचे सरबत करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये फुलांचा अर्क खाद्यरंग म्हणून मान्य केला. पण खाण्याजोगे आहे ते फूल. आमच्याकडे खेळायला आलेल्या एका मुलाने वाटाण्यासारखी शेंग सोलून दाणे तोंडात टाकले होते, ते लगेच थुंकायला लावावे लागले. आयुर्वेदात गोकर्णीचे बी आणि मूळ रेचक म्हणून सांगितले आहे. ते वैद्याच्या हाती असावे, मुलांच्या खिशात नव्हे. एकाच झाडाचा एक भाग अन्न आणि दुसरा औषध असतो, हे मुलांना शेंगा दाखवूनच सांगितले पाहिजे. गरोदर स्त्रियांनी आणि औषधे चालू असणाऱ्यांनी फुलांचाही वापर डॉक्टरांना विचारून करावा. हारातली किंवा फवारणी झालेली फुले कुणीच खाऊ नयेत.

घरची सहा-सात फुले घ्यावीत, हिरवा देठाकडचा भाग काढावा, धुऊन कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. पाणी गडद निळे होते. याच पाण्यात तांदूळ शिजवला तर निळा भात होतो. चव जवळजवळ नाही, थोडी मटारच्या सालीसारखी. कौतुक करायचे ते रंगाचेच. लिंबू पिळले की निळे पाणी जांभळे, मग गुलाबीसर होते. खाण्याचा सोडा घातलेल्या वेगळ्या पेल्यात ते हिरवटाकडे झुकते. धुण्याच्या सोड्यात हिरवे होऊन काही वेळाने पिवळे पडते, कारण तिथे रंगाचा रेणूच मोडू लागतो. हा शेवटचा पेला अर्थात पिण्याचा नव्हे, त्यावर खूण करून ठेवावी.

जास्वंदीचा रंगही असाच अँथोसायनिन गटातला असतो. गोकर्णीतल्या अँथोसायनिनांना टर्नाटिन म्हणतात; वेलीच्या क्लायटोरिया टर्नाटिया या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आला आहे. टर्नाटिनला जोडलेले शर्करा व आम्लांचे गट मूळ रेणूवर पांघरुणासारखे दुमडतात आणि पाण्यापासून त्याचे रक्षण करतात, म्हणून हा निळा रंग जास्त टिकतो. पांढऱ्या गोकर्णीची फुले मिळाली तर त्यांचाही एक पेला शेजारी ठेवावा. त्यात लिंबू पिळल्यावर काय होईल, हे मुलांना आधी लिहायला लावावे आणि मगच पिळावे.