मातीची वही (६) : गाळ उपसण्याआधी

मे महिन्यात कळवणच्या चणकापूर धरणाचं पाणी मागे सरलं की काठावरच्या गाळाला भेगा पडतात. त्यातलं एक ढेकूळ उचलून मधोमध फोडा. पुराने आणलेला भरड पट्टा दिसेल, त्यावर पाणी निवल्यावर सावकाश बसलेला बारीक चिकणमातीचा थर. हे थर कसे साचतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण गाळात सगळंच डोंगरातून वाहून आलेलं नसतं. हवेतून उतरलेली धूळही असते, आणि तिच्याबरोबर शिसं, पारा यांसारखे जड धातू.

१९९४ साली इंगेमार रेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या तळ्यांच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांना शिसं वाढलेलं आढळलं. ग्रीक आणि रोमन लोक चांदीसाठी शिशाचं खनिज भट्टीत वितळवत. त्या भट्ट्यांचा धूर वाऱ्याबरोबर पार उत्तरेला पोचला होता. रोमन साम्राज्य ढासळलं, तसं त्यानंतरच्या थरांत शिसंही कमी झालं. इतक्या दूरच्या तळ्याने हा हिशेब ठेवावा, याचं मला अजून नवल वाटतं.

थराचं वय कसं काढतात? खडकातल्या रेडियमपासून रेडॉन वायू निघून हवेत मिसळतो. त्यापासून शिसं-२१० तयार होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. ते दर २२ वर्षांनी निम्मं होतं. जितकं उरलं त्यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचं वय काढता येतं. चणकापूरचं धरण १९११ सालचं, म्हणजे ही पद्धत त्याला चपखल बसते. दुसरी खूण सीझियम-१३७ची. अणुचाचण्यांमुळे ते जगभर पसरलं आणि १९६३च्या सुमारास सर्वांत जास्त उतरलं. आपल्याकडे २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्यानंतरच्या थरांत शिसं कमी झालं का, हे इथे तपासता येईल.

मात्र कळवणात एक अडचण आहे. केमच्या डोंगरातून गिरणा जी माती आणते ती काळ्या पाषाणाची. त्यात तांबं, क्रोमिअम मुळातच भरपूर. शिवाय डाळिंब-द्राक्षांवर मोरचूद-चुन्याची फवारणी होते, ते तांबंही पावसात धुऊन येतं. काळ्या पाषाणात शिसं मात्र फार थोडं. म्हणून इथे हवेचा माग काढायचा तर शिसं धरावं, तांब्यावर विसंबू नये. आणि पुराच्या मातीने शिसं विरळ होतं, तेव्हा प्रत्येक थरात ते टायटॅनिअमच्या प्रमाणात मोजावं, कारण टायटॅनिअम जवळजवळ सगळं मातीबरोबरच येतं.

धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहे. उथळ, मुरमाड रानाला तो गाळ मिळायलाच हवा. पण ट्रॅक्टरमध्ये भरताना वरचा थर खाली जातो, खालचा वर येतो, आणि तो क्रम पुन्हा लावता येत नाही. पाटबंधारे खात्याला आणि कळवणच्या महाविद्यालयांतल्या भूगोल-रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे : जिथलं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही असा एक तुकडा राखून ठेवा. होडीतून तळात पाइप उभा दाबून गाळाचा एक स्तंभ काढा, सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या करा, प्रत्येकीवर खोली लिहा आणि जपून ठेवा. तपासणी पुढेही करता येईल.