आधी पुरावा, मग यंत्र

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्या कामाचे चित्रीकरणही व्हायचे आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे कसारा घाटाच्या पायथ्याशी एखाद्या पाड्यावर खून झाला, तरी तज्ज्ञ तिथे पोहोचला पाहिजे. इतकी माणसे येणार कुठून? शहापूर-मुरबाडच्या विद्यार्थ्यांना न्यायसहायक तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याची गरज इथून सुरू होते. पण त्यांना शिकवायचे काय, आणि आधी काय?

उत्तर ठाणे जिल्ह्यातल्याच एका खटल्यात सापडते. २०१० साली भाईंदर परिसरात सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आरोपीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. डीएनए अहवाल होता. पण नमुने प्रयोगशाळेकडे पाठवण्यास उशीर का झाला, मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात आणि कसे होते, याचा समाधानकारक खुलासा नव्हता. त्या मुलीला न्याय मिळाला नाही आणि एका माणसाची अनेक वर्षे फाशीच्या छायेत गेली. इथे विज्ञान कमी पडले नाही, नोंद कमी पडली.

म्हणून पहिला धडा साधा आहे. रक्ताने भिजलेले कापड सावलीत वाळवायचे आणि कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नष्ट होऊ लागतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात चार महिने पाऊस असतो. तिथे ही चूक सर्वांत सहज घडते. पिशवीवर तारीख, वेळ, ठिकाण, पंचांच्या सह्या, लाखेचे सील आणि पुढे मुद्देमाल ज्या ज्या हातात गेला त्या प्रत्येकाची नोंद हवी. ही साखळी एका जागी तुटली, तर मुंबईतल्या कलिना प्रयोगशाळेचा अहवालही न्यायालयात टिकत नाही.

मोबाइल आणि सीसीटीव्हीलाही हाच नियम लागू आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एक अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हा वाद कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. चित्रीकरण होते, त्याचे प्रमाणपत्र मात्र मिळत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात ‘हॅश’ही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि फाइलमध्ये किंचितही बदल झाला तरी पूर्ण बदलतो. महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर हे तासाभरात शिकवता येते.

यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी पोलिसांसाठी अशी साधने तयार करायला स्थापन केली. हजारो कॉलच्या नोंदी चाळणे, बँक व्यवहारांचे धागे जुळवणे, तासन् तासांच्या चित्रीकरणातून एक गाडी शोधणे, ही कामे यंत्र झपाट्याने करते. पण यंत्र फक्त शक्यता सांगते. अमेरिकेतल्या डेट्रॉईटजवळ जानेवारी २०२० मध्ये चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या चुकीच्या जुळणीवरून रॉबर्ट विल्यम्स या निरपराध माणसाला त्याच्या घरासमोर अटक झाली. यंत्राने सुचवलेले नाव तपासून पाहायचे काम माणसांनी नीट केले नाही.

आपल्याकडे हा धोका आणखी खोल आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र मागे राहिला. जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र तो जुना संशयही शिकते आणि आकड्यांच्या भाषेत परत सांगते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांच्या या तालुक्यांतला विद्यार्थी ही गोष्ट पुस्तकाबाहेरही ओळखू शकतो. त्याला इथली बोली कळते, पावसात कुठली वाट बंद होते ते माहीत असते, पाड्यावरचा माणूस पोलिसांपुढे गप्प का बसतो हेही ठाऊक असते.

मुंबईची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून या विषयाचे शिक्षण देते. पुढचा रस्ता तिकडे जातो. मात्र गावाजवळच्या वर्गात सुरुवात करताना क्रम चुकता कामा नये: आधी घटनास्थळ राखणे, मग नमुना व त्याची नोंद, मग कायदा आणि शेवटी संगणक. या क्रमाने शिकलेला विद्यार्थी पुढे कोणतेही यंत्र आले तरी ते वापरेल, आणि गरज पडली तर त्याला प्रश्नही विचारेल.