सांधा जुळला, पण दुखणे गेले का?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. दिवसभर वाकून काम केलेली माणसे संध्याकाळी कमरेवर हात ठेवून पाठ ताणताना तुम्ही पाहिली असतील. ‘कंबर दुखते’ असे आपण सहज म्हणतो. पण कंबर म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. तेथे मणके आहेत, त्यांमधील चकत्या आहेत, स्नायू आहेत आणि अगदी खाली, पाठीवरच्या दोन खळ्यांजवळ, डावा व उजवा असे दोन सांधेही आहेत. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी. तिच्या दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे, म्हणजे श्रोणिफलके, जेथे भिडतात तेथे हे सांधे असतात. डॉक्टर त्यांना सॅक्रोइलिअ‍ॅक सांधे म्हणतात. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोकांत दुखण्याचे मूळ या सांध्यात असते, असा अंदाज आहे.

पाचर आणि घर्षण

डोके, हात व धड यांचा सारा भार या सांध्यांतून पायांकडे जातो. मग त्रिकास्थी खाली का घसरत नाही? एक प्रयोग करा. आठ-दहा पुस्तके उभी ओळीने ठेवा, दोन्ही टोकांना तळवे लावून जोराने दाबा आणि सारी ओळ उचला. मधल्या पुस्तकांना खालून आधार नाही, तरी ती पडत नाहीत. दाब किंचित सैल करा, ओळ कोसळेल. दाबामुळे निर्माण झालेले घर्षणच त्यांना धरून ठेवत होते. शरीरात हा दाब बळकट अस्थिबंध आणि स्नायू देतात. शिवाय त्रिकास्थी पाचरीसारखी बसलेली असते आणि सांध्याचे पृष्ठभाग खडबडीत असतात.

हा सांधा हलतो तरी किती? स्वीडनमधील बेंग्ट स्टुरेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात २५ रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक गोळे बसवून क्ष-किरणांनी मोजमाप केले. वळणे सरासरी २.५ अंश आणि सरकणे सरासरी ०.७ मिलिमीटर भरले. घड्याळाचा मिनिटकाटा २५ सेकंदांत जेवढा फिरतो तेवढेच हे वळणे!

सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया

इतकी अल्प हालचाल जर दुखत असेल, तर ती थांबवावी, असा विचार शस्त्रवैद्यांच्या मनात येणे साहजिक होते. बोस्टनचे स्मिथ-पीटर्सन यांनी १९२१ साली हा सांधा उघडून दोन्ही हाडे एकजीव करण्याची पद्धत मांडली. पुढे १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने मज्जातंतू दाबला जातो हे दाखविले आणि सर्वांचे लक्ष तिकडे वळले.

गेल्या काही दशकांत ही शस्त्रक्रिया नव्या रूपात परत आली. आता लहानशा छेदातून टायटॅनियमचे, साधारणतः तीन, त्रिकोणी खिळे सांध्यातून आरपार बसवितात. त्रिकोणीच का? गोल खुंटी भोकात फिरू शकते; कोन असलेली खुंटी फिरत नाही. खिळ्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर हाड वाढते आणि सांधा हळूहळू जखडला जातो.

पाच वर्षांनंतर

अमेरिकेत अशा १०३ रुग्णांची पाच वर्षे पाहणी केली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अखेरपर्यंत ९३ रुग्ण टिकले. शून्य ते शंभर या मापावर त्यांचे दुखणे सरासरी ५४ गुणांनी उतरले होते, आणि ८७ टक्के सांध्यांत हाडाचा पूल बांधला गेलेला दिसला.

मग प्रश्न सुटला का? थांबा. समजा, मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ अंशांवर गेला असताना कोणी अंगणात एक दगड पुरला. जुलैत पारा उतरला, तर श्रेय दगडाचे का? दुखणेही वरखाली होत असते, आणि रुग्ण शस्त्रवैद्याकडे जातो तो बहुधा ते शिगेला पोचल्यावरच. म्हणजे नुसती ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना पुरेशी नाही. शस्त्रक्रिया न झालेला दुसरा गटही हवा.

तसा प्रयोगही झाला. स्टुरेसन ज्यात सहभागी होते त्या युरोपातील प्रयोगात १०३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे ४५ गुणांनी, तर व्यायाम व इतर उपचार घेणाऱ्यांचे ११ गुणांनी कमी झाले. फरक मोठा आहे. तरीही एक फट राहतेच. आपल्याला कोणता उपचार मिळाला हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि दुखणे मोजण्याचे यंत्र नाही. रुग्ण सांगेल तोच आकडा! अपेक्षेचा परिणाम त्या आकड्यावर होतो.

खोटी शस्त्रक्रिया

ही फट बुजविण्यासाठी नॉर्वे व स्वीडनमधील संशोधकांनी ६३ रुग्णांवर, त्यांची पूर्वसंमती घेऊन, एक प्रयोग केला. निम्म्यांना खरी शस्त्रक्रिया. उरलेल्यांना केवळ छेद, आत खिळे नाहीत. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. २०२४ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी, शून्य ते दहा या मापावर, खऱ्या गटाचे दुखणे २.६ ने आणि खोट्या गटाचे १.७ ने उतरले होते. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

दीर्घ मुदतीचा आणखी एक पुरावा नॉर्वेतूनच २०१३ साली आला होता. जुन्या, मोठ्या छेदाच्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्यांची सुमारे २३ वर्षांनी पाहणी केली, तेव्हा पहिल्या वर्षी ज्यांना गुण आला होता त्यांचा तो टिकलेला दिसला. पण साऱ्या गटाची स्थिती शस्त्रक्रिया न केलेल्यांसारखीच होती.

याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा काढू नका. अपघातात श्रोणीची हाडे मोडली तर खिळे लागतात. तो प्रश्न वेगळा. येथे अर्थ एवढाच, की हाड जुळणे आणि दुखणे जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली क्ष-किरण चित्रात दिसते. दुसरी सिद्ध करायला काळजीपूर्वक प्रयोग लागतो.

उद्या घरातील कोणाला कमरेच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि ‘इतक्या टक्के लोकांना आराम’ असे कोणी सांगितले, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारा. आराम कोणाच्या तुलनेत? रुग्णांना आपला उपचार ठाऊक होता का? आणि किती वर्षांनी, कितींपैकी कितीजणांना विचारले? शेत विकून किंवा कर्ज काढून होणाऱ्या खर्चाआधी हे प्रश्न विचारले गेले, तर वर्गात शिकलेल्या प्रयोगपद्धतीचा खरा उपयोग झाला असे समजा.