कोलारचे ढीग आणि गंधकावर जगणारे जीवाणू

बेंगळुरूच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटर अंतरावर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. १८८० च्या सुमारास सुरू झालेले तेथील आधुनिक खाणकाम तीन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत पोहोचले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी थांबले. सोने निघून गेले. मागे राहिले ते पिठासारख्या दळलेल्या खडकाचे प्रचंड ढीग. वारा सुटला की त्यांची धूळ आसपासच्या वस्तीवर येते, आणि पावसाचे पाणी त्यांत मुरते.

हे पाणी धोक्याचे का ठरते? अशा चुऱ्यात गंधकयुक्त लोहखनिजे आणि सोमलयुक्त खनिजे राहिलेली असतात. हवा व पाणी मिळताच त्यांपासून गंधकाम्ल तयार होते, आणि हे आम्ल इतर धातूंनाही विरघळवून वाहून नेते. आम्लयुक्त पाण्यात ही क्रिया आपोआप फार मंद चालते. परंतु एक सूक्ष्म जीव तिला लाखो पटींनी वेग देतो. १९४७ साली कोल्मर व हिंकल यांनी अमेरिकेतील कोळशाच्या खाणींच्या आम्ल पाण्यात तो शोधून काढला. आज त्याला ‘अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’ म्हणतात. लोह व गंधक यांच्या ऑक्सिडीभवनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो जगतो.

हाच जीवाणू सूचकाचेही काम करतो. संशयित पाण्याचे काही थेंब फिकट हिरव्या, आम्लयुक्त लोहद्रावात घालून ठेवावेत. काही दिवसांत द्राव तांबूस झाला, आणि उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्याच्या नमुन्याने तसा झाला नाही, तर हे जीवाणू तेथे नांदत आहेत असे समजावे.

आम्ल निर्माण करणाऱ्या या जीवाणूंच्या उलट काम करणारे जीवाणूही निसर्गात आहेत. प्राणवायूरहित चिखलात राहणारे ‘डिसल्फोव्हिब्रिओ’ सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. तांबे, जस्त, शिसे यांच्याशी सल्फाइडचा संयोग होऊन न विरघळणारा साका तळाशी बसतो आणि पाण्याची आम्लता कमी होते. त्यांना शेण किंवा लाकडाचा भुसा यांसारखे सेंद्रिय खाद्य मात्र पुरवावे लागते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या दोन्ही प्रकारच्या जीवाणूंवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. सोने काढण्यासाठी वापरलेले सायनाइड हे संयुग आहे. जीवाणू त्याचे विघटन करू शकतात. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत १९८४ पासून सांडपाणी या रीतीने शुद्ध केले जात असे. धातू हे मूलद्रव्य आहे. कोणताही जीव त्याचा नाश करू शकत नाही, केवळ त्याला जखडून ठेवू शकतो. त्या चिखलास पुन्हा हवा लागली, की सल्फाइडपासून पुन्हा आम्ल तयार होते आणि धातू मोकळे होतात. म्हणून जीवाणूंकडे शुद्धीकरणाचे काम सोपवले, तरी ढिगावर मातीचे आच्छादन घालण्याची, पाणी अडवण्याची व ते वेळोवेळी तपासण्याची जबाबदारी माणसावरच राहते. खाणीतील काम संपते, परंतु तिच्या ढिगांची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते.