चिंचवडचा चापेकर वाडा आणि 1897 चा प्लेग

चिंचवडगावातल्या चापेकर चौकातून रोज हजारो लोक कामाला जातात. त्याच भागात चापेकर बंधूंचा वाडा आहे, आता तो संग्रहालय म्हणून जपला आहे. कीर्तनकार हरिपंत चापेकरांच्या कुटुंबाचं हे घर. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे त्यांचे मुलगे. तिघेही फासावर गेले, एवढं शाळेत शिकवतात. का गेले, ते मात्र नीट समजून घ्यायला हवं.

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. सरकारने घाईघाईने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा, पण अधिकार अफाट. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आला आणि गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. संशयित रुग्ण उचलून नेले जात, कुटुंब विलगीकरणात, सामान जाळलं जाई. मृत्यूची नोंद केल्याशिवाय मय्यत उचलायला मनाई होती. परक्या पुरुषांनी माजघरात शिरणं हे कुठल्या घराला सहन होईल? अंत्ययात्रा असो की जनाजा, परवानगीसाठी थांबणं सगळ्यांच्याच नशिबी आलं. साथ आटोक्यात आणणं गरजेचं होतं, यात वाद नाही. पण लोकांना विश्वासात न घेता केलेल्या सक्तीने लोक रुग्ण लपवू लागले आणि साथीच्या काळात त्याहून वाईट काही नाही.

22 जून 1897 ला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव होता. गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. दामोदर यांना 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंनाही गोळ्या घातल्या गेल्या. मग मे 1899 मध्ये काही दिवसांच्या अंतराने वासुदेव, त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण फासावर गेले.

तो कायदा मात्र राहिला. मार्च 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्याचाच आधार घेतला. त्या महिन्यांत दफनविधीला मोजकीच माणसं, बाकी नातेवाईक घरी, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसलंय.

मुलांना वाडा दाखवलात तर तसंच पुढे गणेशखिंडीलाही न्या. गव्हर्नरचा तो बंगला म्हणजेच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.